तुझे दिवस कुठं गेले?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकाशवाणीवर मी आजवर आले ती कविता वाचायला. या वेळी निरोप आला, ‘बाईचं खाणं आणि आईपण’ या विषयावर बोला. मी म्हटलं, अहो, मी बी.ए. झालेली बाई, तेही मराठी घेऊन. हा विषय डॉक्टरांचा. तर पलीकडून उत्तर आलं, ‘‘डॉक्टर बोलून गेल्यात. आता घरातलं कुणीतरी बोलू द्या.’’ म्हणून आले. मी सांगणार आहे त्यातलं शास्त्र माझ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीकडून तपासून घेतलं आहे. घरातलं जे आहे ते आमच्या घरचं आहे, आणि ज्या मुलीचं आहे तिला विचारूनच सांगते आहे.

माझ्या भावाची मुलगी. 2018 च्या रमजानमध्ये ती बावीस वर्षांची होती. त्या वर्षी रोजे मे-जूनच्या उन्हाळ्यात आले होते. पहाटे चारच्या आधी सहरी, मग संध्याकाळी सातनंतर इफ्तार. तेवढ्या उन्हात पोरीनं तीसचे तीस रोजे पूर्ण केले. इफ्तारीचं सगळं तीच करायची. भजी, फळं कापणं, सरबत, शेजारी ताटं पाठवणं. स्वतः मात्र दोन खजूर आणि पाणी घेऊन उठायची. ईदच्या दिवशी आलेला प्रत्येक पाहुणा तिचं कौतुक करत होता. माझा भाऊ अभिमानानं सांगत होता, ‘‘एकसुद्धा रोजा चुकवला नाही.’’

माझी आई, आम्ही तिला अम्मा म्हणतो, खाटेवर बसून ऐकत होती. पाहुणे गेल्यावर तिनं नातीला जवळ बोलावलं आणि आमच्या घरच्या दखनीत हळूच विचारलं, ‘‘तीस के तीस? बेटी, तेरे दिन कां गए?’’

हा प्रश्न समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. पाळीच्या दिवसांत बाईनं रोजा ठेवायचा नसतो. ते पाच-सहा रोजे नंतर वर्षभरात कधीतरी भरून काढायचे. त्याला आम्ही कजा म्हणतो. त्यामुळे तरण्या बाईचे तीसचे तीस रोजे सहसा होतच नाहीत. घरातल्या बायकांना हे माहीत असतं, पण बोलत कुणीच नाही. पाळी सुरू असलेली बाई स्वयंपाकघरात दार लोटून गुपचूप दोन घास खाते. आपण रोजा ठेवलेला नाही हे पुरुषांना कळू नये म्हणून. त्या गुपचूपपणाचा फायदा आमच्या मुलीला मिळाला. किंवा तोटा झाला म्हणा.

मराठीत ‘दिवस गेले’ म्हणजे गर्भ राहिला. अम्माच्या प्रश्नाचा अर्थ अगदी उलटा होता. पण माझ्या वहिनीच्या मनात आधी तोच मराठी अर्थ आला. लग्न न झालेल्या मुलीची पाळी चुकली की आईच्या पोटात गोळा येतो. खरं तर त्या भीतीनंच मुलीनं आठ महिने घरी काही सांगितलं नव्हतं. होय, आठ महिने तिची पाळी आलेली नव्हती.

त्याच्या आधीच्या वर्षी तिला बघायला एक मंडळी आली होती. चहा झाला, बोलणं झालं, आणि जाता जाता त्यातल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘मुलगी छान आहे, फक्त जरा अंगानं भरलेली आहे.’’ पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीचं तेव्हाचं वजन अठ्ठावन्न किलो. डॉक्टरांच्या तक्त्यात ते अगदी सरळ बसतं. पण तक्ता कोण बघतो? त्या एका वाक्यानंतर तिनं आधी भात सोडला, मग रात्रीचं जेवण, मग तेल, मग दूध. ईदच्या त्या दिवशी तिचं वजन एक्केचाळीस होतं. केस गळत होते. मे महिन्यात ती पंखा बंद करा म्हणायची. आम्ही सगळे डोळे असलेले लोक. आम्ही म्हणत होतो, पोरगी बारीक झाली, बरी दिसते.

पहिल्या दवाखान्यात पाळी यायच्या हार्मोनच्या गोळ्या दिल्या. तीन महिने रक्तस्राव वेळेवर झाला. वहिनीनं सुटकेचा श्वास सोडला. गोळ्या थांबल्या आणि पाळीही थांबली. त्या गोळ्यांनी येणारा रक्तस्राव हा गोळ्यांचा असतो. अंडाशयातून बीज सुटलं असा त्याचा अर्थ नसतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘‘बाळ, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंस?’’ मुलगी रडायला लागली. आठ महिन्यांत तिला तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आता यातलं शास्त्र. मला जसं समजलं तसं सांगते.

आपल्याला वाटतं पाळी गर्भाशयाची असते. तिची सुरुवात खरं तर मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग आहे. तो ठरावीक अंतरानं, नाडीच्या ठोक्यासारखे, संदेश सोडतो. ते जवळच्या पिट्युटरी ग्रंथीला मिळतात. ती आपले हार्मोन अंडाशयाकडे पाठवते, आणि मग महिन्याचं बीज तयार होतं. हा हायपोथॅलॅमस भुकेचाही हिशेब ठेवतो. घरात धान्य किती, येणारं किती, जाणारं किती, हे कर्त्या बाईला जसं तोंडपाठ असतं तसं. येणं फार कमी झालं की तो ठोके मंद करतो. बीज तयार होणं थांबतं, पाळी थांबते. हृदय, फुप्फुस, मेंदू चालू ठेवायचे असतात, म्हणून जे पुढं ढकलता येईल ते शरीर पुढं ढकलतं. मूल ही त्यातली सर्वांत मोठी खर्चाची बाब. नऊ महिन्यांच्या गर्भारपणाला रोजच्या गरजेवर आणखी पन्नास हजारांपासून पाऊण लाखापर्यंत कॅलरी लागतात असे वेगवेगळे अंदाज आहेत. कोठार रिकामं असताना शरीर एवढं मोठं कार्य काढत नाही.

हार्वर्ड विद्यापीठातल्या रोझ फ्रिश या शास्त्रज्ञ बाईंनी 1974 मध्ये आपल्या सहकाऱ्याबरोबर असं मांडलं, की मुलीला पाळी यायला आणि ती नियमित राहायला अंगात काही किमान चरबी असावी लागते. तेव्हा अनेकांनी मान हलवली. चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं ओझं, असाच समज होता. पुढे 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेनं लेप्टिन नावाचं हार्मोन शोधून काढलं. ते चरबीच्या पेशींतूनच निघतं आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतं. म्हणजे चरबी मुकी नाही, बोलते. फ्रिशबाईंचे टक्केवारीचे आकडे आज कुणी जसेच्या तसे धरत नाही. खाल्लेलं आणि खर्च केलेलं यांत किती उरतं, याला आज जास्त महत्त्व देतात. म्हणून वजन बरं असूनही कडक डाएट आणि रोज दोन-तीन तास व्यायाम करणाऱ्या मुलीची पाळी जाऊ शकते. धावपटूंमध्ये, नर्तकींमध्ये हे नेहमी दिसतं. परीक्षेचा, नोकरीचा ताण त्यात भर घालतो.

अख्ख्या शहरांच्या बाबतीत हे घडल्याची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 च्या हिवाळ्यात, नाझी जर्मनीनं पश्चिम हॉलंडची अन्नाची वाट अडवली. माणशी रेशन हजार कॅलरींच्या खाली गेलं, आणि फेब्रुवारीअखेर सहाशेच्याही खाली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. मे 1945 मध्ये सुटका झाली. पण त्या उपासमारीनंतर नऊ महिन्यांनी तिथल्या शहरांतले जन्म नेहमीच्या जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसले, आणि कष्टकरी घरांत घट जास्त होती. अन्न परत आल्यावर गर्भ राहण्याचं प्रमाणही लवकरच सावरलं. यातली दुसरी गोष्ट मला फार धीर देणारी वाटते.

हे मी अम्माला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग बहात्तरला तेच झालं.’’ 1972 च्या दुष्काळात मी मांडीवरची होते. आमचं मूळ गाव आटपाडीकडचं. अम्मा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी. ती सांगते, कामावरच्या कितीतरी बायकांची दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी येत नव्हती. ‘‘आम्हाला वाटलं उन्हानं असेल.’’ एवढं बोलून ती नातीकडे बघून म्हणाली, ‘‘आम्हाला खायला नव्हतं गं. तुला होतं.’’

हे वाक्य मला तेव्हा फार खरं वाटलं. नंतर लक्षात आलं, ते पूर्ण खरं नाही. ज्याला ॲनोरेक्सिया म्हणतात तो आजार आहे, नखरा नव्हे. लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी त्याला हे नाव 1873 मध्ये दिलं. म्हणजे टीव्ही नव्हता, मॉडेल नव्हत्या, तेव्हाही तो होता. आजारी मुलीला आरशात स्वतःची हाडं दिसत नाहीत, चरबीच दिसते. भुकेवर ताबा मिळवल्याचं एक समाधान तिला मिळत राहतं. ताट समोर असूनही ती खाऊ शकत नाही. दुष्काळ बाहेर नसतो, आत असतो, एवढाच फरक. शरीराला हा फरक कळत नाही. त्याला दोन्ही सारखेच.

पाळी जाणं हे या आजाराच्या निदानाचं एक अधिकृत लक्षणच होतं. 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेतून ती अट काढली, कारण काही मुलींची पाळी सुरू असते आणि तरी त्या गंभीर आजारी असतात. दुसरा प्रकार बुलिमियाचा. एका बैठकीत खूप खायचं, मग अपराधी वाटून उलटी काढायची किंवा जुलाबाच्या गोळ्या घ्यायच्या. यात वजन बऱ्याचदा नेहमीसारखंच राहतं, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. पाळी मात्र मागेपुढे होते. तिसरा प्रकार नुसताच ताबा सुटून खात राहण्याचा.

टोरांटोमध्ये 1990 साली एक पाहणी झाली. मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या 66 बायकांना त्यांच्या खाण्याविषयी नीट विचारलं. सहाजणींत एकीला खाण्याचा विकार निघाला. पाळी अनियमित किंवा बंद असलेल्यांमध्ये तर निम्म्याहून जास्त. आणि त्यांच्यातल्या एकीनंही आपल्या डॉक्टरांना आपणहून ते सांगितलेलं नव्हतं. मैत्रिणींनो, सोनोग्राफी होते, रक्त तपासलं जातं, इंजेक्शनं होतात, हजारो रुपये जातात. आणि जेवलीस का, हे विचारायचं राहून जातं. अशा वेळी औषधांनी गर्भ राहीलही. पण उपाशी अंगावर वाढलेल्या मुलाचं वजन कमी भरण्याचा, ते दिवसाआधी जन्मण्याचा धोका असतो. म्हणून आधी खाणं सावरायचं, हा क्रम.

इथं दोन गैरसमज सांगते. एक, प्रत्येक किडकिडीत बाई वांझ असते असं नाही. हा शब्द उच्चारायलाही मला नको वाटतो. आपल्याकडे अर्धपोटी राहून चार-चार मुलं झालेल्या बाया आहेत. जन्मभराच्या थोड्या-थोड्या कमतरतेशी शरीर जुळवून घेतं, गर्भ राहतो. किंमत मग आई आणि मूल चुकवतात. पाळी थांबते ती उपासमार तीव्र असली किंवा वजन झपाट्यानं घसरलं तर. दुसरा गैरसमज, पाळी नाही म्हणजे गर्भ राहणारच नाही. तसंही नाही. सुधारणा होताना बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. त्यामुळे नको असताना गर्भ राहिल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

आता ताटाची दुसरी बाजू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी शंभरात साधारण एकोणीस कमी वजनाच्या, तर चोवीस जास्त वजनाच्या निघाल्या. रक्तक्षय सत्तावन्न जणींना. म्हणजे एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, दोन्ही टोकं आहेत. जास्त वजनानंही पाळी बिघडते. दहाजणींत सुमारे एकीला असणारा पीसीओएस आपल्याला नावानं माहीत झाला आहे. त्यात इन्शुलिनचा परिणाम नीट होत नाही, त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, आणि अंडाशयातलं बीज अर्धवट वाढून थांबतं. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी रुळावर येते. सत्तर किलोच्या बाईनं चार-सात किलो. पंचवीस नव्हे. पण इथंच घात होतो. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, आणि बाई जेवणच सोडते. दोन दिवस उपाशी, तिसऱ्या दिवशी दुप्पट. ताटात ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, दही ठेवायचं आणि रोज चालायचं, हे सावकाशीचं काम आहे. ते कुणाला नको असतं.

आणि एक गोष्ट मला बोचते, ती आपल्या दोन्ही समाजांची. गर्भार बाईचे आपण केवढे लाड करतो! डोहाळजेवण, ओटी भरणं. आमच्याकडे सतवासा. बाईच्या पुढ्यात इतकं भरलेलं ताट तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच येतं. पण येतं कधी? सातव्या महिन्यात. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया गर्भ राहिल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांत घातला जातो. तेव्हा बहुतेक बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही ठाऊक नसतं. त्या वेळी अंगात फॉलिक ॲसिड असावं लागतं. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत दिसलं, की आधीचं मूल मज्जारज्जूचा दोष घेऊन जन्मलेल्या बायकांनी ही गोळी गर्भ राहण्याआधीपासून घेतली, तर तो दोष पुन्हा येण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास केला. ज्या गर्भवती पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. मेथी, चाकवत, राजगिरा. महागडं यात काही नाही. प्रश्न आहे तो पातेल्यातली भाजी तिच्यापर्यंत उरते का, हा.

कारण आपली बाई शेवटी जेवते. मीही तशीच जेवत आले. सगळ्यांचं झालं की पातेलं खरवडून. शाळेत मुलींना लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी आठवड्याला मिळते. कित्येक आया सांगतात, मळमळतं तर फेकून दे. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

पुरुष श्रोत्यांनाही एक सांगायचं आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही काही कारण असतं. तंबाखू, दारू, वाढलेलं पोट यांचा परिणाम त्यांच्याही बीजावर होतो. तेव्हा तपासणी दोघांची, आणि ताटही दोघांचं.

आमच्या मुलीचं पुढं काय झालं, ते सांगून थांबते. डॉक्टरीणबाईंनी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आहाराचा कागद झाला. सुरुवातीला अर्धी वाटी वरण-भात संपवायला पाऊण तास लागायचा, आणि तो पाऊण तास घरातलं कुणीतरी काही न बोलता तिच्याशेजारी बसायचं. बहुतेक वेळा अम्मा. वजनाचा विषय घरात काढायचा नाही, असा भावानं नियम केला. 2019 च्या रमजानमध्ये डॉक्टरांनी रोजे सक्त मना केले. तिला वाईट वाटलं. अम्मा म्हणाली, ‘‘आजाऱ्याला सवलत दिली आहे ती वापरण्यासाठीच.’’ वजन पन्नासच्या पुढे गेलं आणि काही आठवड्यांनी, एकही गोळी न घेता, पाळी आली. अशा बहुतेक मुलींची वजन सावरल्यावर येते. कुणाची लवकर, कुणाची वर्षभरानं. हाडं झिजू नयेत म्हणूनही ती यावी लागते. मूल हवं असो वा नसो.

2020 चा रमजान टाळेबंदीत आला. ईदला कुणी पाहुणा येणार नव्हता. डॉक्टरांना फोनवर विचारून मुलीनं रोजे ठेवले. चोवीस झाले. सहा राहिले. ईदच्या सकाळी अम्मानं शीरखुर्म्याची पहिली वाटी तिच्या हातात दिली आणि घरातल्या सगळ्यांसमोर, भावासमोरसुद्धा, मोठ्यानं म्हणाली, ‘‘इस के छे रोजे कजा हुए.’’

आमच्या घरात ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा उघड बोलली गेली. वहिनीनं डोळे पुसले. भावाला आधी काही समजलं नाही. मग समजलं, तेव्हा त्यानं स्वतः उठून मुलीच्या वाटीत आणखी एक पळी शीरखुर्मा वाढला.

तुमच्या घरातली लेक, सून, बहीण आज काय जेवली, ते विचारा. वजन विचारू नका. जेवण विचारा.